हिंगणे बुद्रुकचे युरोपविजेते

९ डिसेंबर २०२० ला सकाळी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा शिरला. टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर तो एकच गवा चहूकडे पळत होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, ‘कर्वेनगरकडे येतोय म्हणे’, आणि पाचव्या मिनिटाला बी-विंगमधल्या एका बाईंनी काकांना फोन लावला.

“काका, तुम्ही फॉरेस्टवाले ना? जरा तुमच्या लोकांना कळवा ना.”

“आमचे लोक नॉटिंगहॅमला असतात,” काका शांतपणे म्हणाले. “यायला वेळ लागेल.”

बाई नव्या होत्या, त्यांचं काही चुकलं नाही. फॉरेस्टकाका म्हणजे वनखात्यातून रिटायर झालेले, अशी वॉचमनपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांची समजूत आहे. एकाने तर त्यांना सागाच्या दाराचा भाव विचारला होता. वास्तविक काकांचा जंगलाशी संबंध एवढाच, की तरुणपणी एकदा ताम्हिणीत ते वाट चुकले होते. नोकरी सगळी पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. (गव्याचं त्या दिवशी वाईट झालं. माणसांनी पळवून पळवून दमवला आणि तो गेला. संध्याकाळी कट्ट्यावर त्यावर एकही विनोद काकांनी करू दिला नाही, हेही सांगायला हवं.)

तर फॉरेस्ट म्हणजे नॉटिंगहॅम फॉरेस्ट. इंग्लंडातला एक फुटबॉल क्लब. त्याने १९७९ ला म्युनिकमध्ये आणि १९८० ला माद्रिदमध्ये, असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला. काका हे वाक्य असं कधीच म्हणत नाहीत. ते म्हणतात, “आम्ही युरोप दोनदा जिंकलाय.”

ह्या ‘आम्ही’ला सुरुवातीला मी अडखळत असे. काका आयुष्यात एकदाही इंग्लंडला गेलेले नाहीत. फुटबॉल खेळले ते शाळेत, तेही बॅकला, आणि तेही मुलं कमी पडली म्हणून. पण पुण्यात ‘आम्ही’ फार लांबवर जातं. अटकेपार झेंडेसुद्धा आम्हीच लावले. अटकेपर्यंत गेलेलं ‘आम्ही’ आणखी जरा पुढे म्युनिकपर्यंत गेलं, तर हरकत घेणारा मी कोण?

असा एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. कुणी १९७१ च्या ओव्हलवर राहतो, कुणी बालगंधर्वांच्या कुठल्याशा प्रयोगात. सध्याच्या काळात हे लोक फक्त दूध आणि पेपर घ्यायला येतात. आमचे काका १९७९ मध्ये राहतात, पत्ता कर्वेनगरचा देतात.

संध्याकाळी आम्ही चौघे राजाराम पुलापर्यंत चालत जातो. पुलाच्या मध्यावर आलो की काका कठड्याशी थांबतात आणि नव्या माणसाला भूगोल समजावून सांगतात. “ही ट्रेंट समजा.” मुठेला ट्रेंट समजायला बरीच श्रद्धा लागते, विशेषतः मे महिन्यात नाकाला रुमाल लावून. “ह्या काठावर आपलं सिटी ग्राउंड. पलीकडे नॉट्स काउंटी.” आपण नॉट्स काउंटी आहोत याची सिंहगड रस्त्याच्या लोकांना अजून कल्पना नाही. पण काकांची मांडणी टूलरूमवाल्याची आहे, कुठे ढिली नाही. सिटी ग्राउंड नावालाच सिटी, प्रत्यक्षात शहराच्या हद्दीबाहेर. आपलं कर्वेनगरही कितीतरी वर्षं पुण्याबाहेरच होतं. तिथे नदीच्या दोन तीरांवर दोन क्लब. इथे अलीकडे हिंगणे बुद्रुक आणि पलीकडे हिंगणे खुर्द. “बुद्रुक कोण आणि खुर्द कोण, हे आपल्या पूर्वजांनी आधीच ठरवून ठेवलंय,” काका म्हणतात. मी एकदा म्हटलं, नॉट्स काउंटी १८६२ चा आणि तुमचा फॉरेस्ट १८६५ चा, म्हणजे थोरला तो. काका पुलावरून सोसायटीच्या गेटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

धोंडो केशव कर्वे आणि ब्रायन क्लफ ह्या दोन माणसांची नावं एका वाक्यात घेणारा माणूस पृथ्वीवर एकच असावा. “अण्णांनी १९०० साली ह्या हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली, तेव्हा लोक म्हणाले असतील, एवढ्या लांब कोण येणार शिकायला? क्लफसाहेब १९७५ च्या जानेवारीत फॉरेस्टमध्ये मॅनेजर म्हणून आले, तेव्हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तेरावा. तेरावा!” हा ‘तेरावा’ काका दिवसाला जेवायला आल्यासारखा म्हणतात. मग बोटं मोडत पुढचा हिशेब: १९७७ ला तिसऱ्या नंबराने, कसंबसं वरच्या डिव्हिजनमध्ये. १९७८ ला थेट इंग्लंडचे विजेते. १९७९ ला युरोपचे. १९८० ला पुन्हा युरोपचे. “इंग्लंड एकदा आणि युरोप दोनदा जिंकलेला दुसरा इंग्लिश क्लब दाखवा.” असा क्लब नाही, हे खरंच आहे. मी शोधून पाहिलंय, चिडून.

काकांकडे तीन लाल शर्ट आहेत. फॉरेस्टचा लाल रंग इटलीच्या गॅरिबाल्डीच्या लोकांवरून घेतलेला, म्हणून त्या छटेला गॅरिबाल्डी लालच म्हणतात. इथपर्यंत ठीक. पण काका तिथे थांबतील तर पुणेकर कसले! गॅरिबाल्डी म्हटला की मॅझिनी आला, मॅझिनी म्हटला की त्याचं चरित्र मराठीत आणणारे सावरकर आले, आणि माद्रिदच्या फायनलची तारीख २८ मे. म्हणून दर २८ मेला लाल शर्ट घालून काका सोसायटीत पेढे वाटतात. निम्मी सोसायटी ते सावरकर जयंतीचे समजून नमस्कार करून घेते आणि उरलेली मधुमेहाचं कारण सांगून दोन घेते. ३० मे हा म्युनिकचा दिवस. त्या दिवशी काकांकडे आमरस. मधला २९ मे पूर्वी मोकळा होता. २०२२ साली फॉरेस्ट तेवीस वर्षांनी पुन्हा वरच्या डिव्हिजनमध्ये आला, तो वेम्बलीवरचा सामना नेमका २९ मेला झाला. आता सलग तीन दिवस सण असतो. काकू म्हणतात, “दिवाळी बरी, निदान वर्षभराचं सामान एकदाच आणायचं.”

काकांच्या मते जगातला सर्वांत सुंदर स्कोअर एक-शून्य. म्युनिक एक-शून्य, माद्रिद एक-शून्य, वेम्बलीचा तो सामनाही एक-शून्य. (तो एक गोल समोरच्या संघाने स्वतःच्याच जाळ्यात मारला होता. “नम्रपणे स्वीकारला,” काका म्हणतात.) “लोकांना पाच-चार आवडतं. ते म्हणजे मटेरियल वाया घालवणं. जॉबला जेवढं लागतं तेवढंच कापावं.” आयुष्यभर मायक्रॉनमध्ये काम केलेला माणूस. चहासुद्धा ते अर्धाच मागवतात आणि त्याला ‘एक-शून्य’ म्हणतात. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला आता हे पाठ झालंय. गर्दीत कुणी ‘एक-शून्य दे’ म्हटलं की तो मान वर न करता कटिंग पुढे सरकवतो.

क्लफच्या प्रत्येक गुणाचं काकांनी अनुकरण करून पाहिलं आहे. क्लफ १९७४ साली लीड्सला मॅनेजर म्हणून गेले आणि ४४ दिवसांत बाहेर पडले, ही जगप्रसिद्ध गोष्ट. काका आमच्या सोसायटीचे चेअरमन झाले आणि बरोबर ४४ व्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. मला आतली बातमी माहीत आहे. पाण्याच्या टाकीच्या वादावरून ते एकेचाळिसाव्याच दिवशी वैतागले होते. पुढचे तीन दिवस त्यांनी दात-ओठ खाऊन काढले.

क्लफसाहेबांचे जोडीदार पीटर टेलर. दोघांत माणूस हेरण्याचं काम टेलरचं. लाँग ईटन नावाच्या एका आडगावच्या क्लबातून गॅरी बर्टल्स नावाचा पोरगा टेलर-क्लफनी दोन हजार पौंडांत उचलला. तो आधी लोकांच्या घरी कार्पेट बसवायचा. ह्या एका माहितीने आमच्या परिसरातल्या कारागिरांचं जिणं अवघड केलं आहे. घरात येणाऱ्या प्रत्येक पोराकडे काका टेलरच्या डोळ्यांनी बघतात. एका दिवाळीला सोफ्याची कव्हरं बसवायला आलेल्या मुलाचा डावा पाय त्यांना ‘वेगळा’ वाटला. त्याला खाली पार्किंगमध्ये नेऊन काकांनी नातवाचा चेंडू टाकला. पोराने जीव खाऊन मारला. नव्या चेअरमनच्या गाडीचा आरसा गेला. तो काकांनी भरून दिला. कव्हरं अजून ढिली आहेत. पण काका म्हणतात, “ताकद पाहिलीत? फक्त दिशा द्यायला हवी.”

आणि स्वतःच्या पोटासाठी त्यांना जॉन रॉबर्टसन सापडलेला आहे. डाव्या कडेला खेळणारा हा गडी जाडसर, अजागळ, बिड्या फुंकणारा. वेग म्हणाल तर जवळजवळ नाही. पण चेंडू पायात आला की बोटाने ठेवल्यासारखा पास. “रॉबर्टसन धावत नसे, चेंडूला धाववत असे,” असं म्हणत काका सकाळच्या वॉकला दांडी मारतात. काकू त्यांना भाजी आणायला पाठवतात तेव्हाही ते हेच म्हणतात, आणि फोन करून मागवतात.

काकूंबद्दल सांगायला हवं, कारण ह्या घरात फुटबॉल कळणारं माणूस त्या आहेत. माहेर कोल्हापूरचं. भाऊ पाटाकडील तालमीचा. पाटाकडील आणि खंडोबा, दिलबहार आणि बालगोपाल, शिवाजी आणि प्रॅक्टिस, ही तिथल्या फुटबॉल संघांची नावं त्या सुनांची नावं घ्यावीत तशी घेतात: कोण कधी कुणाशी भांडलं यासकट. बघण्याच्या कार्यक्रमात काकांनी विचारलं होतं, “फुटबॉलची आवड आहे?” आणि काकू म्हणाल्या, “आहे की. आम्ही पाटाकडील.” काकांना वाटलं, गावाचं नाव असेल. त्यांनी विचारलं, तिथून स्टँड किती लांब?

“ह्यांनी फुटबॉल ऐकलाय,” काकू सांगतात. “आम्ही बघितलाय. शाहू स्टेडियमला पावसात उभं राहून, लुगड्याला चिखल लावून. काय ते जंगल जंगल! आमच्याकडं पेठच्या पेठ उतरतीय की मैदानात.”

लग्न १९८० च्या डिसेंबरमधलं. म्हणजे सोफियानंतरचं. सोफिया हा आमच्याकडे बाईच्या नावासारखा हळू आवाजात घ्यायचा विषय आहे. दोनदा युरोप जिंकलेला फॉरेस्ट तिसऱ्या वर्षी पहिल्याच फेरीत बल्गेरियाच्या सीएसकेए सोफियाकडून हरला. तिकडे एक-शून्य आणि घरीही एक-शून्य. लाडका स्कोअर, दोनदा, उलटा. “लग्नात ह्यांचं तोंड उतरलेलं,” काकू सांगतात, “आमच्या लोकांना वाटलं, पोरगी पसंत नाही. माझा भाऊ हळूच विचारायला गेला. हे म्हणाले, सोफिया. भाऊ तसाच माघारी आला, म्हणाला, ह्याचं बाहेर काहीतरी आहे.”

काका १९७९ ची कथा सत्यनारायणासारखी सांगतात. पाच फेऱ्या म्हणून पाच अध्याय. एक अध्याय चुकवून उठलात तर पुढे तुमच्या बाबतीत जे घडेल त्याला काका जबाबदार नाहीत.

पहिला अध्याय लिव्हरपूलचा. १९७७ आणि १९७८ असे दोनदा युरोप जिंकलेले, आणि चिठ्ठी निघाली ती पहिल्याच फेरीत त्यांच्याशी. घरी दोन-शून्य, तो कार्पेटवाला पोरगा पहिला गोल करतो, आणि परतीच्या सामन्यात त्यांच्या मैदानावर शून्य-शून्य. दुसरा अध्याय अथेन्सचा, थोडक्यात आटपतात. तिसरा झुरिकच्या ग्रासहॉपर्सचा, त्याचं भाषांतर ते ‘नाकतोडे’ असं करतात. सोसायटीतल्या लहान मुलांना हा अध्याय सर्वांत प्रिय, कारण त्यात जंगल नाकतोड्यांना चार-एक असं खातं.

चौथा अध्याय कोलोनचा. इथे काका खुर्चीत पुढे सरकतात. घरच्या मैदानावर चिखल, वीस मिनिटांत जर्मन दोन-शून्यने पुढे. मग बर्टल्स, मग बोयर, मग रॉबर्टसन, तीन-दोन. आणि मग जर्मनांनी बाकावरून एक जपानी उतरवला. ओकुडेरा. आला आणि गोल करून मोकळा. तीन-तीन! इथे काकांची थोडी पंचाईत होते. माणूस आशिया खंडातला, आपल्यातला, त्यामुळे मनातून अभिमान. पण आम्हाला बुडवायला आला. “गुणी होता,” एवढंच म्हणून ते पाणी पितात. परक्या मैदानावर तीन गोल घालून जर्मन निश्चिंत. फॉरेस्टला तिकडे जाऊन जिंकायलाच हवं होतं. गेले आणि जिंकले. बोयरने डोक्याने मारला. किती? मुलं एका सुरात ओरडतात, “एक-शून्य!”

पाचव्या अध्यायाकडे मी मुद्दाम उशिरा येतोय. काकाही तसंच करतात. मध्ये दोन उपकथा आहेत.

पहिली बॉब हाउटनची. म्युनिकच्या फायनलमध्ये समोर होता स्वीडनचा माल्मो, आणि त्यांचा कोच एक इंग्रज, वय अवघं एकतीस. हाच बॉब हाउटन २००६ साली भारतीय संघाचा कोच झाला! ही बातमी पेपरात आली त्या सकाळी काका पायजम्यावर माझ्या दारात. “ह्याला हरवलाय आम्ही,” म्हणाले, “म्युनिकला.” पुढची पाच वर्षं त्यांनी हाउटनकडे घरच्या जावयासारखं लक्ष ठेवलं. २००७ ला भारताने नेहरू कपच्या फायनलमध्ये सीरियाला हरवलं. एक-शून्य. काकांचे डोळे भरून आले. “म्युनिकला शिकला हो तो. वाया नाही गेलं.” भारत जिंकल्याचा आनंद त्यात किती आणि फॉरेस्टने जगाला शिकवल्याचा किती, हे मी विचारलं नाही.

दुसरी हॅम्बुर्गची. काकांची मुलगी नोकरीसाठी जर्मनीत गेली, लग्न करून राहिली, आणि राहायला शहर कुठलं मिळावं? हॅम्बुर्ग. १९८० ला माद्रिदमध्ये केव्हिन कीगनसकट आम्ही ज्यांना हरवलं ते हॅम्बुर्ग. काका बाळंतपणाला काकूंबरोबर गेले तेव्हा त्यांनी लाल शर्ट बॅगेत सगळ्यात वर ठेवला होता. खालच्या मजल्यावर एक म्हातारा जर्मन. पहिल्याच दिवशी जिन्यात भेटल्यावर काकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, “माद्रिद. नाइन्टीन एटी.” म्हातारा क्षणभर बघत राहिला, मग तितक्याच शांतपणे म्हणाला, “अथेन्स. एटी थ्री.” त्या वर्षी हॅम्बुर्गने युव्हेंटसला हरवून कप जिंकला होता. एक-शून्यने. काकांनी त्याला आत बोलावून काकूंच्या हातचे बेसनाचे लाडू दिले. तीन महिने दोघे रोज बागेत एकत्र बसायचे. जर्मनला इंग्रजी येईना, काकांना जर्मन. पण साल आणि स्कोअर एवढ्यावर तीन महिने सहज निघतात असं काका म्हणतात. पुढे ते हॅम्बुर्गही २०१८ ला पहिल्यांदाच खाली घसरलं. काकांनी मुलीला फोन करून सांगितलं, “खाली जाऊन त्यांच्याशी काही बोलू नकोस. नुसती बसून ये.” हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. २००५ ला फॉरेस्ट तिसऱ्या पातळीवर घसरला. युरोपचा विजेता राहिलेल्या क्लबावर तोवर अशी वेळ आली नव्हती. त्या संध्याकाळी काका फिरायला आले नाहीत. आम्ही तिघे पुलापर्यंत जाऊन आलो, आणि कठड्याशी थांबलो मात्र, सवयीने.

आता पाचवा अध्याय.

३० मे १९७९, बुधवार. काका तेव्हा सदाशिव पेठेत वाड्यात, वरच्या दोन खोल्यांत, आईबरोबर. पुण्यात टीव्ही आलेला होता, सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम दिसत. पण वाड्यात एकच सेट आणि त्यावर म्युनिक कुठून दिसणार? काकांचा भरवसा शॉर्टवेव्हवर. पोस्टात लायसन्सचे पैसे भरलेला ट्रान्झिस्टर, नवे सेल, आणि एरियल म्हणून तांब्याची तार थेट गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधलेली. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. लंडनचा आवाज लाटेसारखा येतोय आणि जातोय. पहिला अर्धा भाग संपत आलेला. रॉबर्टसनकडे चेंडू आला, एवढं काकांनी ऐकलं.

आणि वळवाचा पाऊस आला.

आईची झोप सावध. थेंब पडल्याबरोबर ती उठली, गॅलरीत गेली आणि दोरीवरचं नऊवारी ओढून काढलं. लुगड्याबरोबर तार आली. रेडिओत नुसती खरखर. काकांनी अंधारात तार शोधून पुन्हा बांधली तेव्हा तिकडे हाफटाइम झाला होता आणि कुणीतरी सांगत होतं, फॉरेस्ट एक, माल्मो शून्य. गोल कुणी केला ते त्या खरखरीत कळलंच नाही. चार दिवस काका समजत होते, बर्टल्सनेच केला असणार. मग पेपरात चार ओळी आल्या. गोल ट्रेव्हर फ्रान्सिसचा. फेब्रुवारीत दहा लाख पौंड देऊन आणलेला, ब्रिटनमधला पहिला तेवढ्या किमतीचा खेळाडू. नियमामुळे त्याला फायनलपर्यंत युरोपात खेळताच आलं नव्हतं. पूर्ण वर्णन वाचायला मिळालं काही आठवड्यांनी, फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीत, एका इंग्रजी मासिकात. ते काकांनी तिथे बसून तीन संध्याकाळी वाचलं.

आईला त्यांनी कधी सांगितलं नाही. “तिला वाईट वाटलं असतं. लुगडं नवं होतं.”

माद्रिदच्या वेळी काकांनी पावसाआधीच सगळी दोरी रिकामी करून ठेवली होती. रॉबर्टसनचा गोल त्यांनी अथपासून इतिपर्यंत ऐकला. पण गंमत बघा, माद्रिदचा गोल ते दोन वाक्यांत उरकतात. म्युनिकचा, जो ऐकला नाही, तो सांगायला पंधरा मिनिटं लागतात. रॉबर्टसन डाव्या कडेने निघतो, खांदा पाडतो, एकाला चकवतो, दुसऱ्याला चकवतो, कधीकधी तिसराही येतो. आणि त्याने उचललेला चेंडू काकांच्या हातातून आमच्या डोक्यांवरून पलीकडच्या खांबाशी इतका सावकाश जातो, की आम्हा सगळ्यांच्या माना त्याबरोबर वळतात. तिकडून फ्रान्सिस धावत येतो, झुकतो, आणि काका आपलं टक्कल पुढे करतात.

मागे मी आगाऊपणा केला. मोबाइलवर तो गोल शोधून काकांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसून पूर्ण पाहिला. मग पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा मला हातानेच ‘पुरे’ केलं.

“छान आहे,” म्हणाले. “पण असा नव्हता.”

२०२३ च्या जुलैत ट्रेव्हर फ्रान्सिस गेल्याची बातमी काकूंनी आधी वाचली. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “अहो, तुमचा तो डोक्यानं मारणारा गेला म्हणं.” त्या दिवशी त्यांनी काकांना भाजीला पाठवलं नाही. संध्याकाळी आम्ही गेलो तर काका गॅलरीत, जुना ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन त्याची बटणं कापसाने पुसत बसले होते. काकू आत म्हणाल्या, “आज कथा नको म्हणा हां.” कुणी म्हटलीच नव्हती.

२०२५ च्या सप्टेंबरात फॉरेस्ट जवळजवळ तीन दशकांनी पुन्हा युरोपात खेळायला उतरला. आता सामना मोबाइलवर दिसतो, घरबसल्या, स्वच्छ. काका दहा मिनिटं बघतात आणि आवाज तेवढा ठेवून डोळे मिटून घेतात. मागच्या वेळी काकूंनी मध्येच जाऊन गॅलरीतले कपडे काढून आणले. आभाळ स्वच्छ होतं.

आता एक विनंती. ते इंग्रजी मासिक, १९७९ च्या जूनच्या सुमाराचं, म्युनिकच्या फायनलचं सविस्तर वर्णन असलेलं, काकांना पुन्हा कधी मिळालं नाही. नाव आठवत नाही, मुखपृष्ठावर लाल शर्ट होता एवढं ते खात्रीने सांगतात. तुमच्या माळ्यावर जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात असं काही निघालं, तर रद्दीत घालू नका. राजाराम पुलावरून अलीकडे या आणि कुठल्याही टपरीवर ‘एक-शून्य’ मागवून बघा. जिथे न विचारता अर्धा चहा मिळेल तिथून आमचं गेट दिसतं. वॉचमनला ‘फॉरेस्ट’ म्हणा. तो बिबट्याबद्दल विचारेल, तिकडे लक्ष देऊ नका, सरळ वर या. आमरसाचे दिवस असले तर जेवूनच जाल. फक्त सोफियाचा विषय काढू नका.